दोन्ही हात वर

मंगळवारी, पाचव्या दिवशी, नळाला पाणी आलं आणि सुकन्याला आनंद झाला. पुढं कितीतरी दिवस तिला हेच आठवत राहिलं, की त्या दिवशी आपल्याला आनंद झाला होता आणि तो पाण्याचा होता.

टाकी भरेपर्यंत तिनं भाकरी थापल्या, नवऱ्याचा डबा बांधला, चादरी भिजत घातल्या. नंदीश मोटारसायकल काढत असतानाच फोन वाजला. आईनं आवाज भरून पाठवला होता. केराबाईला लिहिता येत नव्हतं, पण फोनवरचं ते माइकचं चित्र दाबून बोलायचं तिनं निघायच्या आधी आठवडाभर बसून शिकून घेतलं होतं.

"सुके, उठलीस का? हितं आमचा च्या झाला. आज बोटीत बसायचं हाय, शिडाच्या. मोटार न्हाय तिला, वाऱ्यावर चालती म्हनं. तुझा बाप कालधरनं इचारतोय, वारा पडला तर ढकलायची कुनी. आन वाळू बघ हितली. मीठ सांडल्यागत. मी चाखून बघितली, कुनी बघंना असं बघून. नळाला पानी आलं का?"

सुकन्यानं नळ आल्याचं कळवलं आणि ती कॉलेजला निघाली.

आईवडील अंदमानला जाऊन अकरा दिवस झाले होते. जोतिराम होटगी स्टेशनावर पॉइंट्समन होते. गाड्यांची वाट बदलायची, गाडी पुढं जाताना झेंडा धरायचा, पावसापाण्यात रुळाकडेला उभं राहायचं, अशी छत्तीस वर्षं काढून निवृत्त झाले आणि स्टेशनाच्या मागंच घर बांधून राहिले. केराबाई सांगोल्याकडची. तिच्या माहेरी उन्हाळ्यात टँकर आला की आधी शेरडं पाण्याकडं पळत आणि मागून माणसं. समुद्र दोघांनीही बघितला नव्हता. निवृत्त रेल्वेवाल्यांच्या पाच जोडप्यांनी जायचं ठरवलं, तेव्हा सुकन्या म्हणाली होती, की चेन्नईहून विमानानं जा, अडीच तासांत पोचाल.

"चेन्नईपतुर पास हाय की," जोतिराम म्हणाले.

"आणि पुढं?"

"पुढं रूळ न्हाईत. मग जहाज."

"आबा, तीन दिवस लागतात जहाजाला."

"लागूदे की. मला बघायचंय, दोन जहाजं समोरासमोर आली तर कोन कुनाला वाट देतंय. तितं केबिन न्हाय, सिग्नल न्हाय, पॉइंट्समन न्हाय. चालतंय कसं त्यांचं?"

"आपटत्यात," केराबाई म्हणाली. "दुसरं काय. आनि तुमी चाललायसा त्यातच बसायला."

अशी थट्टा करत दोघं गेली होती. बरोबर कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगाचटणीचा डबा. जहाजावर केराबाईला दोन दिवस नुसत्या उलट्या झाल्या. तिसऱ्या दिवशी तिनं भरलेला आवाज बंदर जवळ आल्यावर पोचला: "सुके, तीन दिस झालं, जमीन न्हाय. येवढं पानी आन घोटभर पिता येत न्हाय. आमच्या गावच्या टँकरवाल्याला आनून दाखवाय पायजे." मग बेटं सुरू झाली. काचेच्या तळाची बोट. खाली फुलागत दगड आणि त्यातनं पळणारे पिवळे मासे. किनाऱ्यापर्यंत आलेली झाडं, इतकी दाट की केराबाईला त्यांची भीती वाटली. एका बेटावरचा दीपगृहाचा खांब, जो बघून जोतिराम म्हणाले होते, "हा हाय बघ यांचा सिग्नल. पन नुसता पिवळा. थांबा बी म्हनत न्हाय, जावा बी म्हनत न्हाय."

सुकन्या हे सगळं ऐकायची आणि दोन शब्दांत उत्तर द्यायची. ती कॉलेजात ग्रंथपाल होती. पुस्तकांत आयुष्य गेलेल्या माणसाला बोलताना शब्द कमी पडतात, असं नंदीश तिला चिडवायचा. वडिलांशी बोलताना तर फारच कमी पडत. त्याला एक कारण होतं. ते तिनं नंदीशलाही सांगितलं नव्हतं.

त्या मंगळवारी ग्रंथालयात पुस्तकांची मोजणी चालू होती. साडेबाराला तिनं डबा उघडला आणि फोन बघितला. आईनं व्हिडिओ पाठवला होता, बावीस सेकंदांचा.

शिडाची बोट. मागं इतकं निळं पाणी की ते खोटं वाटावं. बाकावर ओळखीची माणसं, सगळ्यांच्या अंगात नारिंगी जाकिटं. कोणीतरी ओरडत होतं, "आणखी एक चक्कर, आणखी एक." बोटवाला हसत शीड फिरवत होता. आणि मधे जोतिराम उभे. त्यांनी दोन्ही हात डोक्याच्या वर सरळ धरले होते. मागून केराबाईचं हसू आणि आवाज: "बघ तुझा बाप. हिरो झालाय ह्या वयात." आजूबाजूच्या दोघातिघांनीही हात वर केले आणि हलवले. जोतिरामांचे हात हलत नव्हते. ते बोटवाल्याकडं बघत नव्हते, पाण्याकडंही नाही. ते फोनकडं बघत होते.

सुकन्याला ती खूण कळली. कळायला एक क्षणही लागला नाही. अक्षर दिसलं की वाचलं जातं, तशी ती वाचली गेली.

लहानपणी होटगीच्या क्वार्टरच्या अंगणात हाच तर खेळ होता. ती गाडी व्हायची, आबा पॉइंट्समन. एक हात आडवा, स्थिर, म्हणजे ये. झेंडा हाताशी नसेल आणि पुढं धोका असेल, तर दोन्ही हात डोक्यावर. म्हणजे थांब. जिथं असशील तिथं थांब. आणि गाडी नीट पुढं गेली, की पॉइंट्समननं हिरवा धरायचा आणि गाडीतून त्याला उत्तर यायचं. "उत्तर आलंच पायजे," आबा म्हणायचे. "नुसतं दाखवून भागत न्हाय. समोरच्याला दिसलं, हे आपल्याला दिसाय पायजे." ती शाळेला जाताना फाटकाशी ते हात आडवा धरून उभे राहत आणि ती वळून हात करी. रोज.

ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजची सहल हैदराबादला निघाली. गाडी होटगीला न थांबता जायची. आबांनी ड्यूटी मागून घेतली होती आणि कोणत्या बाजूच्या खिडकीत बसायचं, तेही तिला सांगून ठेवलं होतं. गाडी स्टेशनात शिरली तेव्हा ते रुळाकडेला उभे होते. निळा शर्ट, हिरवा झेंडा ताणून धरलेला, आणि गाडीच्या एकेका खिडकीवरून सरकणारी नजर. शेजारी बसलेली दिपाली म्हणाली, "ए, तो झेंडेवाला बघ कसा बघतोय. तुझ्याकडेच बघतोय की काय?" मुली हसल्या. सुकन्यानं मान आत घेतली. ते इतक्या जवळून गेले, की त्यांच्या शर्टाचं तुटलेलं बटण तिला दिसलं.

सहलीहून आल्यावर आबांनी जेवताना विचारलं, "खिडकीत हुतीस की. उत्तर आलं न्हाय."

"मला दिसला नाहीत, आबा."

ते तिच्याकडं बघत राहिले. मग "बरं," म्हणाले आणि त्यांनी भाकरी मोडली. त्या दिवसापासून त्यांनी तिला कधी खूण केली नाही. लग्नानंतर सासरी निघाली तेव्हा नाही, दर रविवारी ती होटगीहून परत निघायची तेव्हाही नाही. दारात येऊन उभे राहत, हात मागं बांधून.

आणि आज, वीस वर्षांनी, ते त्या बावीस सेकंदांत उभे होते.

आबा कुणाला थांबवताय, असं तिनं टाइप केलं. मग थांबली. हे पाठवलं, तर खूण कळते हे कबूल करावं लागेल. आणि आज कळते तर त्या दिवशी कशी कळली नाही, हे आबा विचारणार नाहीत, पण त्यांना कळेल. तिनं अक्षरं एकेक करून पुसली. चेष्टा चालली असेल, तिनं स्वतःला सांगितलं. समुद्रालाच थांब म्हणत असतील. तिनं फोन पालथा ठेवला, डबा संपवला, आणि कादंबऱ्यांच्या कपाटाची मोजणी संध्याकाळपर्यंत पुरी केली. तीन पुस्तकं कमी भरली.

बुधवारी सकाळी केराबाईचा फोन आला. या वेळी माइकच्या चित्राचा नव्हता, खरा.

सुकन्या आणि नंदीश तिथं पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. बेटावरच्या लहानशा दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदयविकार. त्रास मंगळवारी सकाळीच सुरू झाला असावा. माणूस बोलला नाही. रात्री "पित्त झालंय" म्हणाले, लिंबूपाणी घेतलं आणि पडून राहिले. केराबाई बाकावर बसली होती, दोन्ही हातांत त्यांची चप्पल धरून. लेकीला बघून ती रडली नाही. तिनं पहिला प्रश्न विचारला, "ह्यांचा व्हिडिओ बघितलास का गं? बोटीतला?"

"नाही," सुकन्या म्हणाली. "रेंज नव्हती आई."

शब्द तोंडातून गेला तो गेला. तिला वाटलं, एवढ्या दुःखात एवढं चालेल.

तिथंच दहन झालं. रक्षा घेऊन तिघं विमानानं परत आली. चेन्नईपर्यंत अडीच तास. केराबाई खिडकीतून खाली बघत होती. "तीन दिस लागलं हुतं जाताना," ती म्हणाली.

होटगीच्या घरी माणसं येत राहिली. सांगोल्याकडचे भाऊबंद आले, घोंगडं अंथरून बसले, गेले. आलेल्या प्रत्येकाला केराबाई बेटांचं सांगायची. काचेच्या बोटीतले मासे, मिठागत वाळू, दीपगृह. सांगताना क्षणभर तिचा चेहरा फुलायचा. मग ती फोन काढायची आणि व्हिडिओ लावायची. "बघा, किती खुशीत हुते. शेवटच्या दिशी बी हात वर करून नाचत हुते." माणसं बघायची आणि म्हणायची, नशीबवान, हसत गेला. सुकन्या त्या वेळी चहा करायला आत जायची. पण बावीस सेकंदांतलं आईचं हसणं स्वयंपाकघरापर्यंत येतच असे.

तेराव्यानंतर वीरभद्रप्पा आले. ते आबांचे जोडीदार. एक पाळी आबांची, तर दुसरी यांची, अशी वीस वर्षं गेली होती. गुडघे दुखत असल्यामुळं ते सहलीला गेले नव्हते. घरात कन्नड, बाहेर मराठी, त्यामुळं दोन्हीकडचं थोडं थोडं सांडायचं.

"बघा की अण्णा," केराबाईनं फोन त्यांच्या हातात दिला. "तुमचा दोस्त."

वीरभद्रप्पांनी चष्मा लावला. व्हिडिओ संपला. त्यांनी तो पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा बघताना त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला.

"हे नाचणं नाही हो, वहिनी," ते हळू म्हणाले.

"म्हंजे?"

"हे लाल आहे की. झेंडा नसला तर असंच करतो आम्ही. दोन्ही हात वर." त्यांनी बसल्या जागी हात वर करून दाखवले. हात डोक्यावर गेले आणि तिथंच राहिले. "थांबवा म्हणतोय जोतिराम. बोट थांबवा म्हणतोय."

स्वयंपाकघराच्या दारात सुकन्या कपबशा घेऊन उभी होती.

"मग बोलले का न्हाईत?" केराबाई म्हणाली. "तोंड हुतं की."

"छातीत कळ आली की आवाज कुठला निघतो. आणि काय की, त्याला बोलायची सवय नव्हती, वहिनी. आम्ही बोलत नाही. दाखवतो."

केराबाईनं फोन मांडीवर ठेवला. ती म्हणाली, "मी म्हनलं, बसा की आता, फोटू झाला. तर बसले." मग पुन्हा, जणू कोणी विचारलं होतं: "पाऊन तास फिरली बोट त्याच्यानंतर. मी शेंगा खात हुते."

"तुम्हाला कसं कळणार," वीरभद्रप्पा म्हणाले. "बाहेरच्या माणसाला ते कळायचं नाहीच."

"सुकन्याला कळलं असतं," केराबाई म्हणाली.

त्या दिवसापासून तिचं जेवण सुटलं. ताटावर बसायची, भाकरीचा तुकडा मोडायची आणि ताट सरकवायची. फोन मात्र हातातून सुटला नाही. ती व्हिडिओ लावायची आणि डोळे मिटून ऐकायची. ती चित्र बघत नव्हती. आपलं हसू ऐकत होती. आलेल्या माणसाला आता ती वेगळंच सांगू लागली. "हे थांबवा म्हनत हुते आन मी हसत हुते. ऐका माझं हसू. ऐका की." माणसं अवघडून उठायची. आणि प्रत्येक वेळी शेवट एकच: "माझ्या लेकीला कळलं असतं. बारीक असल्यापासनं शिकवलं हुतं तिला. पर तिच्या फोनला रेंज नव्हती. माझंच नशीब."

सुकन्यानं कॉलेजातून रजा वाढवून घेतली. आईला सोडून जाववत नव्हतं आणि तिच्यासमोर बसवतही नव्हतं. एकदा तिनं फोन मागितला. वाटलं, व्हिडिओ पुसून टाकावा, नवा फोन घेऊन द्यावा, काहीतरी करावं. केराबाईनं दिला नाही. एकदा सुकन्या नंदीशला म्हणाली, "खरं बोलून मेलेलं माणूस परत येतं का?" तो म्हणाला, "कुठलं खरं?" तिनं विषय बदलला.

ती हिशेब मनाशी करत राहायची. व्हिडिओ साडेअकराचा. तिनं बघितला साडेबाराला. बुधवारची सकाळ व्हायला त्यानंतर सतरा-अठरा तास होते. एक फोन. आई, आबांना दवाखान्यात ने, आत्ता, ते थांबवा म्हणतायत. पंधरा शब्दही लागले नसते. आयुष्यभर तिनं पुस्तकांतून दुसऱ्यांची दुःखं वाचली होती; त्यात चुकलेली पत्रं होती, उशिरा पोचलेल्या तारा होत्या. हे पत्र चुकलं नव्हतं. वेळेवर, बरोबर पत्त्यावर पोचलं होतं, आणि वाचलंही गेलं होतं.

एका दुपारी ती ताट घेऊन पडवीत आली. केराबाई भिंतीला टेकून बसली होती, रुळाकडं तोंड करून. तिच्या हाताच्या बांगड्या आता नव्हत्या आणि मनगट इतकं बारीक झालं होतं, की सुकन्याला ते कुणा दुसऱ्याचं वाटलं.

"दोन घास खा आई."

"ठेव तितं."

"कालही ठेवलं होतं."

"सुके, एक इचारू का?" केराबाई रुळाकडंच बघत होती. "ते बोटवाल्याकडं बघत नव्हते. मी लई बारी बघितलं. मोबाइलकडं बघत हुते. म्हंजे माझ्याकडं. व्हय न्हवं? मला सांगत हुते, आन मी हसले. चाळीस वर्सं ह्या मानसाची भाकरी केली आन मला त्याचा हात वाचता आला न्हाय."

सुकन्यानं ताट खाली ठेवलं.

"तुझ्याकडं नव्हते बघत," ती म्हणाली.

"मग?"

"तू व्हिडिओ मला पाठवणार, हे त्यांना माहीत होतं."

"माहीत हुतं की. तेच म्हनले सकाळी, सुकीला धाड." केराबाईनं मान वळवली. "पर तू बघितलाच न्हाईस. बघितला असतास तर तुला कळलं असतं का गं? खरं सांग. का कुनालाच कळलं नसतं? तेवढंच सांग मला, म्हंजे मी जेवती."

वाट सोपी होती. कुणालाच कळलं नसतं, आई. एवढं म्हणायचं होतं. आई जेवली असती. सुकन्यानं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात सोलापूरकडून गाडी आली. न थांबणारी. घराची पत्र्याची पडवी थरथरली, ताटातली वाटी वाजू लागली. रुळापलीकडं निळ्या शर्टातला कोणी नवा माणूस हिरवा झेंडा धरून उभा होता. डबे त्याच्यासमोरून धडधडत गेले, खिडक्यांमागून खिडक्या, आणि शेवटच्या डब्यातून गार्डचा हात बाहेर आला. उत्तर आलं. त्या माणसानं झेंडा गुंडाळला आणि तो चालू लागला.

गाडीचा आवाज जायला वेळ लागला. केराबाई अजून लेकीकडंच बघत होती.

सुकन्या तिच्यासमोर जमिनीवर बसली. तिनं आईचा हात धरला नाही. धरला असता तर बोलता आलं नसतं.

"रेंज होती आई," ती म्हणाली. "मी त्याच दुपारी बघितला. मला कळलं होतं. ते थांब म्हणत होते, हे मला बघताक्षणी कळलं होतं, आणि मी फोन पालथा ठेवला."

केराबाईच्या हातातला फोन हळूच पदरात सरकला.

सुकन्यानं रुळाकडं बघितलं. नव्या माणसाची जागा आता रिकामी होती. आवाज फुटला तेव्हा तो तिलाच ओळखू आला नाही, इतका तो अंगणात गाडी गाडी खेळणाऱ्या मुलीचा होता.

"हैदराबादच्या गाडीतनं बी दिसला हुतासा, आबा. बटन तुटलं हुतं शर्टाचं. दोन्ही बारीला दिसलं हुतं मला."